बिननावाचे पत्ते

फोन वाजला तेव्हा उज्वला स्पीड पोस्टची पाकिटं खणांत लावत होती. नाशिकरोडच्या टपाल वर्गीकरण कार्यालयात तिची चौदा वर्षं गेली होती. निफाड, येवला, सिन्नर, कळवण, पिनकोड दिसला की हात आपोआप त्या खणाकडे जायचा. कामाच्या वेळी ती फोन घेत नसे. पण नंबर परदेशी होता आणि अमोलचा आवाज ऐकून तेवीस दिवस झाले होते.

व्हिडिओ कॉल होता. पडद्यावर अमोल गुडघ्यांवर बसलेला दिसला. ओठ फुटलेला, एक डोळा सुजून मिटलेला. मागे कोणीतरी उभं होतं. त्याचे फक्त पाय आणि रबरी चपला दिसत होत्या.

"ताई," अमोल म्हणाला, "हे सांगतील ते ऐक. मधे बोलू नकोस."

मग चपलावाल्याचा आवाज आला, हिंदीत, अगदी बँकेतून बोलल्यासारखा शांत. "आपका भाई काम नहीं करता. कंपनी का खर्चा हुआ है. सात हजार यूएसडीटी. दस दिन. पैसा आया तो भाई आएगा."

फोन कटला. पाठोपाठ एक संदेश आला. टी अक्षरापासून सुरू होणारी, चौतीस अक्षरा-आकड्यांची एक ओळ. नाव नाही, गाव नाही. उज्वलाने ती ओळ तीनदा वाचली आणि हातातलं पाकीट भलत्याच खणात टाकलं.

अमोल तिचा धाकटा भाऊ, सत्तावीस वर्षांचा. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याची फी, त्याचे बूट, त्याचा हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स, सगळं तिनेच केलं. तिचं स्वतःचं लग्न मोडून दहा वर्षं झाली होती. जेलरोडला दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि दर रविवारी सायखेड्याला आईकडे जायची. अमोल नाशिकच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होता. मग कोणा एजंटने त्याला सांगितलं की बँकॉकमध्ये डेटा एन्ट्रीचं काम आहे, महिना ऐंशी हजार. विमानतळावरून त्याला गाडीत घालून आठ तास पळवलं, सरहद्दीवरची एक नदी ओलांडायला लावली, आणि भिंतीला काटेरी तारा असलेल्या आवारात नेऊन पासपोर्ट काढून घेतला. तिथलं काम म्हणजे दिवसाचे सोळा तास बाईच्या नावाने परक्या देशांतल्या एकट्या माणसांशी प्रेमाच्या गप्पा टाइप करायच्या आणि त्यांना खोट्या गुंतवणुकीत ओढायचं. हे त्याने एकदा चोरून केलेल्या फोनवर सांगितलं होतं. "ताई, काल एका म्हाताऱ्याने मला त्याच्या मेलेल्या बायकोचा फोटो पाठवला. माझ्याने पुढं टाइप होईना," तो म्हणाला होता. त्यानंतर फोन बंद झाले.

सायबर पोलिसांत उपनिरीक्षक भाग्यश्री मॅडम भेटल्या. उज्वलाच्याच वयाच्या. त्यांनी सगळं नीट लिहून घेतलं, दिल्लीला आणि वकिलातीला त्याच दिवशी पत्रं पाठवली. मग पेन खाली ठेवलं.

"पैसे भरू नका असं मला सांगावंच लागतं. पण तुम्ही भरलेत तर मी तुम्हाला दोष देणार नाही."

"हा पत्ता कोणाचा ते शोधता येत नाही का?"

"पत्ता शोधायची गरजच नाही, तो समोर आहे. त्यात किती आले, कुठं गेले, तेही दिसतं. माणूस दिसत नाही. ते नाणं जिथं खऱ्या पैशात बदलतं तिथं कुठंतरी कोणाचं तरी नाव असतं. तिथपर्यंत जायला महिने लागतात, ताई. तुमच्याकडे दहा दिवस आहेत."

यूएसडीटी म्हणजे काय हेसुद्धा उज्वलाला माहीत नव्हतं. ते तिला शेखरने सांगितलं. शेखर अमोलचा शाळेतला मित्र, सायखेड्याचाच. बिटको चौकाजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि फावल्या वेळात तो स्वतःही थोडीफार क्रिप्टोची देवघेव करायचा. अमोलचं ऐकल्यावर त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि बराच वेळ नुसता स्क्रूड्रायव्हर फिरवत बसला.

"हे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं आहे, ताई. एक नाणं, एक डॉलर. बँक मधे नाही. मी पाठवलं की मिनिटाभरात तिकडं. आणि एकदा गेलं की परत नाही. तक्रार कोणाकडे करणार? मधे कोणी नाहीच."

"आणि सगळं गुप्त?"

"लोक तसं म्हणतात. पण हे बघा." त्याने लॅपटॉपवर एक वेबसाइट उघडली आणि ती चौतीस अक्षरं त्यात टाकली. पडद्यावर यादी उलगडली. तारीख, वेळ, रक्कम, कुठून आली, कुठं गेली. "हे जगात कोणालाही दिसतं. पासवर्ड लागत नाही. खोडता येत नाही. फक्त नावं नाहीत."

उज्वला यादीकडे बघत राहिली. "म्हणजे बारकोड आहे, नाव नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे पाकीट कुठल्या गावाहून निघालं, कुठल्या बॅगेत बसलं, सगळं कळतं. आत काय आहे आणि घेणारा कोण ते वर लिहिलेलं नसेल तर नाही कळत."

"बरोबर तसंच. काही नाणी अशीही आहेत की त्यात हेसुद्धा दिसत नाही. कोणी, कोणाला, किती, सगळं झाकलेलं. काही लोक दहा जणांचे पैसे एकत्र घुसळून परत वाटतात, म्हणजे माग लागू नये. पण ह्यांनी ते नाही मागितलं. तसलं नाणं तुम्ही-आम्ही आणणार कुठून? ह्यांना सोपं आणि लवकर पाहिजे. आणि दिसलं तरी ह्यांना कोणाची भीती नाही."

उज्वलाने वही काढली. "मला हे सगळं लिहून घेऊ दे."

"कशाला, ताई?"

"ज्यांनी आधी भरले, त्यांचं काय झालं ते बघायचंय."

तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेखरच्या दुकानातल्या मागच्या खोलीत बसून राहिली. समोर उघडलेल्या फोनांचे सांगाडे, सोल्डरिंगचा वास, आणि ती यादी. तो पत्ता पाच महिन्यांपूर्वी उघडलेला होता. त्यात पैसे पाठवणारे शेकडो. शेखरने त्यातले मोठमोठ्या एक्सचेंजचे, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजारांचे, पत्ते ओळखून बाजूला काढायला शिकवलं. तिथं हजारो लोकांचे पैसे एकाच हौदातून निघतात, त्यामुळे मागचा माणूस कोण ते कळायचा मार्गच नाही. उरले एकतीस. एकट्यादुकट्याचे वाटावेत असे पत्ते, खास ह्याच कामासाठी उघडलेले. त्यात पैसे आले की लगेच ह्या पत्त्यावर गेलेले, बाकी काही नाही.

एकतीस घरं, असं उज्वलाच्या मनात आलं. तिने वहीत खण आखले आणि त्यांना आकडे दिले.

पहिल्या दिवशीच तिच्या लक्षात आलं. चौथ्या क्रमांकाने सात हजार भरले होते, नऊ दिवसांनी पुन्हा चार हजार, मग दोन, मग पाचशे. बाराव्याने सहा वेळा भरले होते. शेवटची रक्कम एकशे दहा. एकशे दहा डॉलर! कोणीतरी घरातलं शेवटचं भांडं विकून पाठवले असावेत. एकतीसपैकी एकोणीस जणांनी पुन्हा पुन्हा भरले होते. म्हणजे पैसे पोहोचले आणि माणूस सुटला नाही. पैसे पोहोचले म्हणूनच सुटला नाही.

उरलेल्या बारा जणांनी एकदाच भरले होते, आणि मग शांतता.

"हे बारा सुटले का मेले?" तिने विचारलं.

शेखरने यादी पुन्हा वरपासून खाली सरकवली.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ह्या पत्त्यावर पैसे पाठवता येतात, तसं पत्र पाठवता येतं का?"

"येतं," शेखर नाइलाजाने म्हणाला. "अगदी थोडे पैसे पाठवायचे, रुपया-दोन रुपये, आणि सोबत दोन ओळींची चिठ्ठी जोडायची. ज्याचा तो पत्ता आहे त्याने उघडून पाहिलं तर दिसेल. पण ताई, अशा चिठ्ठ्या फसवणारेच पाठवतात. कोणी वाचणार नाही. आणि ती चिठ्ठी पुसता येत नाही. कायमची तिथंच राहते, कोणीही वाचू शकतं."

"दुसरा काही मार्ग आहे का तुझ्याकडे?"

नव्हता. तिने नवा ईमेल उघडला आणि एकतीस पत्त्यांवर हिंदी-इंग्रजीत एकच मजकूर पाठवला: माझा भाऊ आत आहे. मी महाराष्ट्रातून लिहितेय. तुमचं माणूस सुटलं का? खाली ईमेल.

पहिल्या दिवशी काही आलं नाही. ती कामावर रुजू झाली. दर दहा मिनिटांनी फोन बघायची. शेजारच्या टेबलावरच्या छायाबाईंनी विचारलं, "कोणाची वाट बघतेस गं?" तेव्हा "कुरिअर यायचंय," असं काहीतरी ती बोलून गेली, आणि टपाल खात्यात बसून आपण हे काय बोललो म्हणून दोघीही हसल्या. हसल्यावर तिला रडू आलं. ती पाणी प्यायला बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक उत्तर आलं. त्यात फक्त फोन नंबर होता.

तो माणूस तेलंगणातला, निवृत्त बस कंडक्टर, मल्लेश नावाचा. तोडक्यामोडक्या हिंदीत तो हळूहळू बोलला. त्याचा मुलगाही तिथं होता. पहिल्यांदा त्याने सात हजार भरले. मग पुन्हा मागणी आली, मुलाच्या किंकाळ्या ऐकवल्या. "माझ्याकडे काही उरलंच नव्हतं, बेटी. मला अटॅक आला. तीन आठवडे मी दवाखान्यात, फोन बंद. बायकोला फोन वापरता येत नाही. त्यांना वाटलं मी मेलो. महिन्याने पोराला नदीकाठी टाकून दिलं."

"म्हणजे पैसे भरून मग..."

"पैसे भरून मग मरायचं," तो म्हणाला. "जोवर फोन उचलणारं कोणी आहे, तोवर ते पिळणार. कोणी उरलं नाही असं वाटलं तर ठेवून काय करतील? खायला घालावं लागतं. पण बेटी, माझ्यासोबत दुसऱ्या एकाने असंच केलं होतं. त्याचा पोरगा अजून आला नाही. हे ऐकून घे, मगच ठरव."

ते ठरवायच्या आतच दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. आधी चपलावाला.

"दीदी बहुत होशियार है. चिट्ठी लिखती है."

एकतीसमधला एक पत्ता घरचा नव्हता. तो त्यांचाच होता, पैसे इकडून तिकडे फिरवायचा. वरून सगळे सारखेच दिसत होते, नाव कोणावरच नव्हतं, आणि तिने आपल्या हाताने त्यांच्याच दारात चिठ्ठी टाकली होती. महाराष्ट्रातून, असंही लिहिलं होतं. त्या आवारात महाराष्ट्रातले किती असतील? दोघे? तिघे? तिला त्यांचा माग काढायला तीन दिवस लागले. त्यांना तिचा माग काढायला एक ओळ पुरली.

मग अमोलचा आवाज आला. तो आधी ओरडला, शब्द नव्हते त्यात. मग म्हणाला, "ताई, काय करतेस तू? काय करतेस? हात... माझा हात..."

"नौ हजार," चपलावाला म्हणाला. "शुक्रवार तक."

उज्वला सॉर्टिंगच्या टेबलाखाली बसली होती. कधी बसली ते तिला आठवेना. छायाबाई तिचं डोकं धरून "काय झालं, सांग ना," म्हणत होत्या, आणि तिच्या तोंडून एवढंच येत होतं, "मीच केलं. मीच केलं."

त्या दिवशी दुपारच्या एसटीने ती सायखेड्याला गेली. आईला, लंकाबाईंना, आतापर्यंत अर्धंच सांगितलं होतं. आता तिने सगळं सांगितलं. चिठ्ठी, हात, मल्लेशचं बोलणं. आई भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून. मधे एकदाही तिने विचारलं नाही की असं का केलंस.

"किती हायेत तुझ्याजवळ?"

"प्रॉव्हिडंट फंडातले काढलेत. तुझी पोत धरून सात हजारांपुरते होतात. नऊ होत नाहीत."

"मग सातच धाड." आई उठली. "आन सांग, आई गेली म्हनून."

"आई!"

"त्या म्हाताऱ्याला झटका आला म्हनून त्याचं पोर सुटलं, आसंच म्हनला ना तो? मग मला मार. म्हनावं, आई मेली, घर इकलं, काय ऱ्हायलं नाय. आता कोन हाय पिळायला?"

"अमोलला ते खरं वाटेल. तो तिथं एकटा..."

"वाटू दे. जित्ता आला तर मी दिसंनच की त्याला."

"आणि नाही आला तर?"

आई पेटीकडे वळली. तिने पेटीतून आपला फोटो काढला, आधार कार्डाच्या वेळी काढून मोठा केलेला, काचेच्या चौकटीतला. मग पदर डोक्यावर घेऊन ती बाजारपेठेत गेली आणि स्वतःच झेंडूचा हार घेऊन आली. दुकानदाराने कोणासाठी म्हणून विचारलं तेव्हा देवाला म्हणाली असेल. दार आतून लावून तिने भिंतीवर फोटो टांगला, हार घातला, खाली पाटावर समई ठेवली.

उज्वलाने फोन उचलला. काचेत आईचं प्रतिबिंब दिसत होतं, हात जोडून उभी असलेली.

"आई, थोडी बाजूला हो."

आई सरकली. "आता? आता मी दिसत नाय ना त्याच्यात?"

"नाही."

"मग काढ."

शुक्रवारी सकाळी शेखरच्या दुकानातून पैसे गेले. सात हजार. शेखरने पत्ता चारदा तपासला, पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं मोठ्याने वाचली, आणि म्हणाला, "ताई, दाबू?" तिने मान हलवली. मिनिटभरात यादीत सगळ्यात वर तिची ओळ उमटली. त्या यादीत ती आता बत्तिसावी होती.

मग तिने फोटो पाठवला. खाली हिंदीत लिहिलं: आई गेली. घर विकून हे सात हजार पाठवले. आता माझ्याकडे काही नाही. हा फोन बंद होईल.

निळ्या खुणा उमटल्या. फोन वाजू लागला. ती त्याच्याकडे बघत बसली. तो थांबायचा, पुन्हा वाजायचा. शेखर काउंटरला पाठ लावून उभा राहिला, त्याच्याने बघवेना. चौदा वेळा वाजला. मग एक आवाजी संदेश आला, सात सेकंदांचा. तो तिने ऐकला.

अमोल होता. रडत नव्हता. "ताई," त्याने विचारलं, "कधी गेली?"

तिने फोन बंद केला, सिम काढलं, आणि शेखरच्या पक्कडीने त्याचे दोन तुकडे केले. आईचा नंबरही त्याच दिवशी बंद केला.

पुढचे दिवस कसे गेले हे तिला नंतर कधी सांगता आलं नाही. ती कामावर जायची. पाकिटं खणांत पडायची. दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेखरकडे जाऊन तो पत्ता उघडायची. तिचे सात हजार चार मिनिटांत दुसऱ्या पत्त्यावर गेले होते, तिथं आणखी कोणाकोणाच्या रकमेत मिसळले, तिसऱ्यावर गेले, आणि शेवटी एका परदेशी एक्सचेंजच्या मोठ्या हौदात पडले. तिथून पुढं काही दिसत नव्हतं. भाग्यश्री मॅडमनी त्या एक्सचेंजला पत्र लिहिलं. दर सोमवारी उज्वला त्यांच्यासमोर जाऊन बसायची. एका सोमवारी मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला.

"उत्तर आलं. नाव मिळालं."

कंबोडियातल्या कुठल्याशा खेड्यातली म्हातारी होती, एकाहत्तर वर्षांची. खातं उघडताना घेतलेला फोटोही होता. हनुवटीखाली ओळखपत्र धरलेलं, तोंडात दात नाहीत, आणि नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. बाजूला उभ्या असलेल्या कोणाकडे तरी बघत होती, आता बरोबर धरलंय का असं विचारल्यासारखी.

"हिला ह्यातलं काय माहीत असणार?" उज्वला म्हणाली.

"काहीच नाही. शंभर-दोनशे रुपये दिले असतील. खातं गोठवलंय आम्ही. त्यात अकरा डॉलर आहेत."

उज्वलाने त्या म्हातारीकडे पुन्हा पाहिलं. एवढ्या दिवसांनी त्या सगळ्या आकड्यांतून एक चेहरा निघाला होता, आणि त्याच्यावर राग धरावा असंही त्यात काही नव्हतं.

आठवडे जात राहिले. सायखेड्याला आई कोणाकडे जाईना. रविवारी उज्वला गेली की दोघी एकमेकींसमोर बसायच्या. एकदा आई म्हणाली, "त्यानं तिथं केस काढले आसतील का गं माझ्यासाठी?" उज्वला उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. मल्लेशला तिने दोनदा फोन केला. दुसऱ्या पोराचं काही कळलं का, असं दोन्ही वेळा विचारलं. नव्हतं कळलं.

पैसे पाठवल्यापासून पंचावन्नाव्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसचा लँडलाइन वाजला. छायाबाईंनी उचलला, आणि त्यांचा चेहरा बघूनच उज्वला टेबल सोडून धावली. तो नंबर अमोलला शाळेपासून पाठ होता. एवढं मारूनही त्याने तो त्यांना सांगितला नव्हता.

"ताई, मी थायलंडमध्ये आहे. सैनिकांनी नेलंय आम्हाला. त्या लोकांनी सहा जणांना नदीकाठी सोडून दिलं होतं." आवाज सपाट होता, रेल्वेच्या घोषणेसारखा. "वकिलातीचे लोक येणार आहेत."

"अमोल, ऐक. आई आहे. आई जिवंत आहे."

तिने रिसीव्हर कानाशी आणखी घट्ट दाबला.

"अमू, ऐकतोयस ना? ते खोटं होतं. तो फोटो..."

"कशाला आता खोटं बोलतेस, ताई? मी सुटलोय. आता नको बोलूस."

"अरे खरंच..."

"मी दहावा केला तिचा. एका बादलीत पाणी घेऊन."

उज्वलाने छायाबाईंकडे हात पसरला. छायाबाईंनी आपला मोबाइल तिच्या हातात कोंबला. तिने आईचा नवा नंबर लावला. एक घंटी, दोन, तीन. उचल, आई, उचल. आईने उचलला. "आई, बोल. अमोल आहे. बोल काहीतरी." आणि तिने लँडलाइनचा रिसीव्हर आणि मोबाइल एकमेकांवर उलटे दाबून धरले, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. आजूबाजूचे सगळे काम सोडून उभे होते. त्या दोन यंत्रांच्या मधून आईचा आवाज बारीक येत होता.

"अमू. मी हाय रे. आरं मी हाय. जेवलास का?"

मग रिसीव्हरमधून असा आवाज आला की उज्वलाला तो ओळखता आला नाही. तिने डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी ते फोन तसेच दाबून धरले, लाइन आपोआप कटेपर्यंत.

दिल्लीमार्गे त्याला घरी यायला आणखी पाच आठवडे लागले. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली होती. डोक्यावर नुकते उगवलेले केस होते. सायखेड्यात आईने त्याला दाराशी धरलं ते सोडेचना, आणि तोही तिला सोडेना. तिच्या पाठीवरून, दंडांवरून हात फिरवत राहिला, खरी आहे का बघत असल्यासारखा. उज्वला मागे पिशव्या धरून उभी होती. तिच्याकडे त्याने बघितलं नाही.

आठ-दहा दिवस गेले. भाग्यश्री मॅडम जबाब घेऊन गेल्या. शेखर येऊन बसून गेला. अमोल त्यांच्याशी बोलायचा. कोणाला कधी आणलं, कुठल्या खोलीत कोण, नावं, गावं, सगळं सांगायचा. उज्वलाशी कामापुरतं.

एका रविवारी आई घाटावर गेली होती. तो ओट्यावर बसून डाव्या हाताने शेंगा सोलत होता. उज्वला समोर बसली.

"पैसे भरलेस ते ठीक," तो म्हणाला, मान खालीच. "फोटो नको होता पाठवायला."

"त्याशिवाय सोडलं नसतं."

"हे तुला कसं माहीत?"

उज्वलाने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. वहीतले बारा खण होते, एक बसकंडक्टर होता, आणि त्याच्या ओळखीतला न आलेला एक पोरगा होता.

"माझा हात सडला होता," अमोल म्हणाला. "टाइप करता येईना. ज्यांना ज्यांना काम जमत नव्हतं अशा सहा जणांना त्यांनी एका गाडीत घातलं. तुझ्या फोटोमुळं, का हातामुळं, मला नाही माहीत. तिथं कोणी कारण सांगत नाही."

"हातही माझ्यामुळंच," ती म्हणाली. "त्या चिठ्ठीमुळं."

"हो."

तो शेंगा सोलत राहिला. सालपटांचा ढीग दोघांच्या मधे वाढत होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ते बाकीचे. ज्यांनी एकदाच भरले. त्यांतले किती आले, ते कळलं का पुढं?"

"एकच. तुला धरून दोन."

अमोलने मान हलवली. मग सुपातल्या मूठभर शेंगदाण्यांतून खवट दाणे वेगळे केले आणि उरलेले, न बोलता, तिच्या बाजूला सरकवले. उज्वलाने ते घेतले. रस्त्यावरून आई येताना दिसत होती, ओलं लुगडं खांद्यावर टाकून, हळूहळू, आणि अमोल सुपाकडे न बघता तिच्याकडेच बघत होता.